कारखाना बंद, कलादालन चालू

एप्रिल 2021 च्या अखेरीस बेर्गिश ग्लाडबाखमधला त्सांडर्सचा कागद कारखाना कायमचा थांबला. कोलोनला लागून असलेल्या या जर्मन शहराला तो 1829 पासून पोसत आला होता. तीनशेहून अधिक कामगारांची नोकरी गेली आणि ऐन गावात सुमारे 37 हेक्टरचं आवार रिकामं पडलं. त्याच गावात मुख्य चौकावर त्सांडर्स घराण्याचा 1874 सालचा वाडा उभा आहे. तो मात्र चालू आहे. तिथे नगरपालिकेचं कलासंग्रहालय आहे आणि कागद हेच माध्यम मानून केलेल्या कलाकृतींचा एक चांगला संग्रह आहे. आल्टेनबर्गच्या जुन्या मठमंदिरासाठी, म्हणजे मठाच्या चर्चसाठी, याच घरातल्या एका बाईने 1894 मध्ये काढलेली संस्थाही चालू आहे. घराण्याने वसवलेल्या बागांच्या वसाहतीत लोक राहताहेत.

पैसा जिथून आला तो झरा आटला, आणि त्या पैशातून उभं राहिलेलं बरंच काही टिकलं. हे कसं झालं, असं विचारलं की घराण्याचं औदार्य, संस्कार, कलेची जाण अशी उत्तरं मिळतात. उद्योगपतींच्या कलाप्रेमावर लिहिताना आपल्याकडेही हीच ओळ आळवली जाते. औदार्य होतं, त्यात वाद नाही. पण औदार्याने इमारत उभी राहते, शंभर वर्षं चालत नाही. चालते ती मालकी कुणाच्या नावावर आहे आणि दरवर्षीचा खर्च कोण भरतं, या दोन गोष्टींवर. कारखानदाराच्या कलाश्रयाचं मोल याच दोन कसोट्यांवर करायला हवं, आणि आपला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, कायदा नेमका इथेच कमी पडतो, एवढं या लेखात मांडायचं आहे.

मारिया त्सांडर्स 1839 मध्ये ह्युकेसवागेनच्या कापड कारखानदारांच्या घरात जन्मली, माहेरचं आडनाव योहानी. लग्न झालं कार्ल रिशार्ड त्सांडर्सशी. तो 1870 मध्ये गेला तेव्हा ती एकतिशीत होती, मुलं लहान होती आणि कारखाना चालता होता. घराण्यात हे नवीन नव्हतं. संस्थापक योहान विल्हेल्म त्सांडर्स कारखाना सुरू केल्यानंतर दोन वर्षांतच, 1831 मध्ये वारला होता आणि त्याच्या विधवेने, ज्युलीने, धंदा सांभाळला होता. मारियाने तोच कित्ता गिरवला आणि मुलं हाताशी येईपर्यंत कारभार पाहिला. ती स्वतः चित्रं काढायची, गायची. संगीतकार माक्स ब्रुख गावाजवळच्या इगेलर होफ या शेतवाड्यावर येऊन राही, तिथे बसून लिही. त्याची आणि मारियाची मैत्री होती. तिने गावात गायकवृंद उभा केला. कोलोनचा वास्तुकार हेर्मान ओट्टो फ्लाउमे याच्याकडून चौकातला वाडा बांधून घेतला. 1904 मध्ये ती गेली.

चरित्र एवढ्यावर थांबवलं की ते गोड दिसतं. म्हणून आधी कारखान्यात जाऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगला कागद म्हणजे चिंध्यांचा कागद. तागाच्या आणि सुती चिंध्या गाठोड्यांनी यायच्या. पहिलं काम निवडण्याचं, आणि ते बायकांचं. जाळीच्या मेजाला कोयत्यासारखं पातं उभं ठोकलेलं असे. चिंधी त्यावर ओढून शिवण उसवायची, बटणं आणि हूक काढायचे, तळहाताएवढे तुकडे करायचे आणि रंग, जाडी, झीज पाहून वेगवेगळ्या खणांत टाकायचे. इथली चूक पुढे कुठेच दुरुस्त होत नाही. लोखंडी हुकाचा कण राहिला तर वर्षांनी तावावर तांबूस डाग उमटतो. लोकर राहिली तर चुन्याच्या उकळीत ती सुतासारखी वागत नाही, लगद्यात तिच्या गुठळ्या होतात. नवी आणि जुनी चिंधी एकत्र गेली तर जुनीचं कुटून पीठ होतं आणि नवी अर्धीकच्ची राहते. निवडणं, झाडणं, उकळणं आणि धुणं यांत वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा वाया जातो.

त्या मेजावरची धूळ छातीत जायची. जुन्या कपड्यांबरोबर रोगही यायचे. जर्मन आणि ऑस्ट्रियन कागद कारखान्यांत चिंध्या निवडणाऱ्या बायकांना होणारा एक जीवघेणा ताप त्या काळच्या डॉक्टरांना चांगला ठाऊक होता. तो फुफ्फुसाचा अँथ्रॅक्स होता. चित्रांच्या आणि गाण्यांच्या हिशेबात हे मेज धरलं नाही तर हिशेब खोटा. हे एका घराण्यावरचं आरोपपत्र नाही, सगळ्या धंद्याचीच रीत अशी होती.

पुढचं काम पाण्याचं. बेर्गिश ग्लाडबाखची श्ट्रुंडे ही जेमतेम वीस किलोमीटरची ओढ्यासारखी नदी, पण तिच्यावर डझनावारी गिरण्या चालत. पाण्याने चाक फिरायचं, चिंध्या धुतल्या जायच्या आणि तेच पाणी कागदात उतरायचं. पाण्यात लोह असेल तर पांढरा ताव पिवळट होतो. चुना जास्त असेल तर खळीसाठी घातलेला राळेचा साबण फाटतो, खळ तंतूंवर नीट बसत नाही आणि शाई फुटते. म्हणून कागदवाला आधी वरच्या गिरणीकडे बघतो. वर कातडी कमावणारा बसला तर खालच्याचा पांढरा कागद संपला. खाली काय सोडायचं याचा विचार मात्र त्या काळात फार कुणी करत नव्हतं.

हाताने ताव काढताना कुंडातल्या पाण्यात तंतूंचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत असतं. चौकट बुडवून वर काढली की काही सेकंद पुढेमागे आणि आडवी हलवायची असते, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. ही हालचाल उशिरा झाली तर पाणी निघून गेलेलं असतं आणि ताव एका बाजूने जाड राहतो. ओला ताव लोकरी फेल्टवर उलटायचा. जर्मन गिरण्यांत 181 तावांची एक थप्पी दाबाखाली जायची. मग माडीवर वाळवण, आणि सरसाची खळ. मारियाच्या काळात मुख्य उत्पादन यंत्रावर गेलं होतं, तरी त्सांडर्सचा हातकागद मोजक्या प्रतींच्या देखण्या पुस्तकांना वापरला जाई.

याच शतकात कागद स्वस्त झाला आणि बिघडला. 1807 मध्ये एर्बाखच्या मोरित्स फ्रीडरिश इलिगने राळ आणि तुरटीची खळ थेट लगद्यात घालायची पद्धत छापून जाहीर केली. सरसाचा त्रास वाचला, पण तुरटीने कागदात आम्ल सोडलं. ते आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. 1840 च्या दशकात सॅक्सनीच्या फ्रीडरिश गोटलोब केलरने लाकूड दगडावर घासून लगदा काढला. वृत्तपत्रं स्वस्त झाली, आणि लाकडातलं लिग्निन कागदाला पिवळं पाडू लागलं. शंभर वर्षांनी ग्रंथालयांत पानं दुमडताच तुटू लागली ती या दोन शोधांच्या बेरजेमुळे. केलरचं पेटंट हाइडनहाइमच्या फोल्टरने घेतलं आणि धंदा केला. केलर गरिबीत म्हातारा झाला. कलाश्रयाच्या इतिहासात त्याचं नाव कुठेच नाही, कारण कलेला देण्याइतका पैसा त्याच्या हाती कधी आलाच नाही.

कागद कारखानदाराचं कलेशी असलेलं पहिलं नातं हे असं, मालाच्या दर्जाचं. वाड्यातल्या मैफिलींआधी त्याचा ताव किती वर्षं टिकेल हे विचारायला हवं. आज त्याचं मोजमाप आहे. आयएसओ 9706 हे 1994 चं मानक सांगतं की टिकाऊ कागदाच्या अर्काचा पीएच 7.5 ते 10 मध्ये असावा, आम्ल शोषायला निदान 2 टक्के कॅल्शियम कार्बोनेटच्या ताकदीचा क्षार राखीव असावा, कापा अंक (लगद्यात उरलेल्या लिग्निनचं माप) 5 च्या आत असावा आणि 70 जीएसएमपासून (दर चौरस मीटरला ग्रॅम) पुढच्या कागदाला फाटण्याविरुद्ध किमान 350 मिलिन्यूटन बळ असावं. चित्रकाराला दिलेल्या पुरस्कारापेक्षा या मापात बसणारा कागद पुरवणं ही मोठी कलासेवा आहे. पण तिचा फोटो निघत नाही.

आता गावाकडे. मारियाने कला आणि मंदिर हीच क्षेत्रं का निवडली याला स्वभावाबरोबर एक कायदेशीर कारणही असावं. प्रशियाच्या, म्हणजे हा मुलूख तेव्हा ज्या जर्मन राज्यात होता त्याच्या, 1850 च्या कायद्याने बायकांना राजकीय संघटनांचं सदस्य होण्याची बंदी होती, ती 1908 मध्ये उठली. कारखाना चालवणाऱ्या, शेकडो लोकांना पगार देणाऱ्या बाईला मत नव्हतं आणि पक्षही नव्हता. गायकवृंद आणि मंदिराच्या डागडुजीची संस्था ही तिला सार्वजनिक जीवनात शिरायला मोकळी असलेली दारं होती. कलाश्रय हा श्रीमंत बायकांचा छंद असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आल्टेनबर्गचं प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण टिकण्याचं गुपित तिथे उघडं दिसतं. सिस्टर्शियन साधूंचा हा मठ 1133 चा, मंदिराचा पाया 1259 मधला. 1803 मध्ये मठ खालसा झाला, 1815 मध्ये आग लागली, पुढे छतं कोसळली. प्रशियाच्या राजघराण्याने लक्ष घातलं, 1847 मध्ये वास्तू पुन्हा उघडली आणि काही वर्षांनी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांनाही वापरायला मिळाली. पश्चिमेची काचखिडकी सुमारे 18 मीटर उंच आणि 8 मीटर रुंद आहे. अशा खिडकीत प्रत्येक काचेला शिशाची पन्हळ असते. शिसं थकतं, पन्हळ वाकते, पाणी आत येतं आणि दगडी चौकटीतले लोखंडी गज गंजून फुगले की दगड फोडतात. हे काम एकदा करून संपत नाही. एका पिढीने केलं की पुढच्या पिढीला पुन्हा करावं लागतं.

मारियाने इथे स्वतःच्या पैशातून एखादा भाग दुरुस्त करून वर नाव कोरून घेतलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. तिने 1894 मध्ये सभासदांची संस्था काढली. वास्तू तिच्या मालकीची नव्हती, सरकारची होती आणि आजही ती नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याची आहे. संस्थेचं काम ठरलेलं आणि आटोपशीर: वास्तूची निगा आणि तिची सजावट. वर्गणीदार अनेक. संस्थापिका दहा वर्षांत वारली, पुढे दोन महायुद्धं झाली, राज्यव्यवस्था बदलत गेली, कारखान्याचे मालक बदलले, शेवटी कारखानाही गेला. संस्थेला या कशामुळेही घरघर लागली नाही, कारण ती कुणा एकाच्या नफ्यावर बसलेली नव्हती.

मुलगा रिशार्ड आणि सून आना यांनी 1897 पासून ग्रोनाउअरवाल्ड ही वसाहत उभी केली. आना ही वेर्नर फॉन सीमेन्सची मुलगी. लुडविग बोप या वास्तुकाराकडून बागांसकट छोटी घरं बांधून घेतली. बागांच्या शहराचं इंग्लंडमधलं गाजलेलं पुस्तक निघालं त्याच्या आधीच्या वर्षीची ही गोष्ट. त्याच दांपत्याने स्वतःसाठी लेर्बाखचा भव्य वाडाही बांधला. तो पुढे हॉटेल झाला. वसाहत आजही वसाहत आहे, कारण ती अनेकांची घरं आहेत.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. गायकवृंद आणि खिडक्यांऐवजी हा पैसा पगारात का दिला नाही? कामगाराच्या घामाचा पैसा मालकाच्या आवडीनुसार का खर्च व्हावा? याला 'तेव्हाचा काळच तसा होता' हे उत्तर पुरत नाही. त्याच काळात, 1883 ते 1889 या सहा वर्षांत, जर्मन राज्याने आजारपण, अपघात आणि म्हातारपणाचे विमे सक्तीचे केले. मालकाच्या मर्जीवर चालणारी मदत कायद्याच्या हक्कात बदलता येते, हे तिथेच सिद्ध झालं होतं. पोटाचा प्रश्न असा हक्कानेच सुटावा, दानाने नाही. चिंध्या निवडणाऱ्या बाईला धुळीपासून संरक्षण हवं होतं, मैफिलीचं आमंत्रण नव्हे.

पण पगार वाढवल्याने आल्टेनबर्गची खिडकी दुरुस्त होत नाही, हेही तितकंच खरं. काही गोष्टी कुणाच्याच घरखर्चात बसत नाहीत. त्या सामूहिक पैशानेच होतात, मग तो कराचा असो, वर्गणीचा असो वा देणगीचा. म्हणून मालकाने कलेला द्यावं की नाही या वादात फार दम नाही. द्यावं, कायद्याने देणं लागतं ते सगळं देऊन झाल्यावर. आणि दिल्यावर हात काढून घ्यावा. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड जातो.

तो न जमल्यास काय होतं याचं उदाहरण याच मुलखात आहे. हागेनचा कार्ल एर्न्स्ट ओस्टहाउस कागदवाला नव्हता, वारशाने श्रीमंत झालेला होता. त्याने 1902 मध्ये हागेनला फोल्कवांग संग्रहालय उघडलं, आतली सजावट आन्री व्हान दे वेल्देची. सेझान, गोगँ, व्हान गॉग अशांची चित्रं एका औद्योगिक गावात लोकांसमोर टांगणं ही तेव्हा मोठी झेप होती. जाण आणि धाडस या दोन्हींत तो त्सांडर्सांच्या कितीतरी पुढे. पण संग्रह त्याचाच राहिला. 1921 मध्ये तो अकाली गेला, वारसांनी संग्रह विक्रीला काढला, हागेनची ऐपत पुरली नाही आणि 1922 मध्ये सगळा ठेवा एसेनला गेला. आज फोल्कवांग म्हटलं की लोक एसेन म्हणतात. याउलट ड्युरेन या कागदासाठीच प्रसिद्ध असलेल्या गावात होएश घराण्याने संग्रहालयाची इमारत 1905 मध्ये शहराला देऊन टाकली. संग्रह सुरुवातीला सामान्यच होता. 1944 च्या बॉम्बवर्षावात ते गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं. तरी लिओपोल्ड होएश संग्रहालय त्याच इमारतीत आहे, शेजारी कागदाचं संग्रहालय आहे, आणि 1980 च्या दशकापासून तिथे कागदकलेची मोठी प्रदर्शनं भरत आली आहेत. ओस्टहाउसपेक्षा कमी नजर असलेल्या लोकांनी जास्त टिकणारं काम केलं, ते केवळ मालकी वेळेत सोडल्यामुळे.

सार्वजनिक मालकीचे गोडवे फार गाऊ नयेत, कारण एसेनच्या त्याच संग्रहातून नाझींनी 1937 मध्ये चौदाशेवर कलाकृती उचलून नेल्या. सरकारच चोर झालं तर मालकीपत्र कुचकामी ठरतं. कायम ठेवीचाही अनुभव बरा नाही. 1923 च्या महागाईत जर्मनीतल्या असंख्य न्यासांचा सरकारी रोख्यांत ठेवलेला निधी कागदाच्या मोलाचा झाला. म्हणजे निव्वळ ठेव पुरेशी नाही आणि निव्वळ सरकारी नाव पुरेसं नाही. जे तगलं त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र दिसतात. जमीन आणि इमारत सार्वजनिक संस्थेच्या किंवा सभासदांच्या नावे असते, उत्पन्नाला एकाहून अधिक तोंडं असतात, आणि काम एवढं स्पष्ट लिहिलेलं असतं की पुढच्या कारभाऱ्याला ते हवं तसं वळवता येत नाही.

वर्षाच्या खर्चाबद्दल थोडं, कारण देणगी देणारे तो कायम विसरतात. कागदावरची कलाकृती टांगली की ती झिजायला लागते. प्रकाश 50 लक्सच्या आसपास ठेवायचा, तीनेक महिने टांगून मग तिला अंधारात लांब विश्रांती द्यायची. आर्द्रता 50 टक्क्यांच्या जवळ आणि स्थिर हवी. ती वरखाली होत राहिली तर कागद फुगतो, आकसतो, चौकटीत लाटा धरतो आणि रंगाचा थर सुटतो. 65 टक्क्यांच्या वर बराच काळ गेली तर बुरशी. मागचा पुठ्ठा आम्लयुक्त असला तर चौकटीच्या आकाराचा तपकिरी पट्टा चित्रावर उतरतो. म्हणजे आम्लमुक्त पेट्या, वातानुकूलन, वीज, जाणकार माणूस आणि प्रदर्शनाइतकीच मोठी बंद साठवण, हे दरवर्षी लागतं. वाडा 1992 पासून कलादालन म्हणून चालतो तो नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी ओळ आहे म्हणून. इमारत दान मिळाली आणि ती ओळ नसली तर ते दान नगरपालिकेच्या गळ्यात पडतं.

कारखान्याचं काय झालं हेही सांगायला हवं. 1989 मध्ये बहुसंख्य मालकी एका अमेरिकन कंपनीकडे गेली, मग फिनिश कंपनीकडे, 2015 मध्ये म्युनिकच्या गुंतवणूक कंपनीकडे. 2018 मध्ये दिवाळं, नवा मालक, पुन्हा दिवाळं आणि 2021 ला शेवट. माल वाईट नव्हता. क्रोमोलक्स हा त्यांचा एका बाजूने आरशासारखा चकाकणारा कागद जगभर वेष्टनांना आणि भेटकार्डांना जात होता. असा कागद काढताना केओलिन या पांढऱ्या मातीचा ओला लेप दिलेली बाजू तापवलेल्या, क्रोमचा मुलामा चढवलेल्या रुळावर दाबून वाळवतात. लेप रुळाची चकाकी उचलतो. लेपातलं पाणी फक्त कागदाच्या पाठीकडूनच बाहेर पडू शकतं, म्हणून यंत्र सावकाश चालवावं लागतं. रूळ जास्त तापला तर आतली वाफ लेप फोडते आणि खड्डे पडतात, कमी तापला तर लेप रुळालाच चिकटतो. हे कसब कामगारांच्या हातात होतं, मालक बदलले तरी हात तेच. पण असा हळू, महाग माल काढणाऱ्या जुन्या, अवाढव्य कारखान्याला ऊर्जेचे दर, आटती मागणी आणि दूरच्या मालकांची घाई एकदम सोसवली नाही.

याच मुद्द्यावर घराण्याच्या कौतुकाला मर्यादा पडते. वाडा शहराचा झाला, मंदिराची संस्था सभासदांची झाली, वसाहत रहिवाशांची झाली. कारखाना मात्र शेअरबाजारातल्या वस्तूसारखा हातोहात गेला आणि ज्यांच्या कसबावर तो चालला त्यांचा त्याच्यावर कसलाच हक्क नव्हता. आवाराची जमीन तोवर शहराने विकत घेतली होती, म्हणून निदान तिथे पुढे काय व्हावं हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे राहिला. कागदाच्या इतिहासाची साधनं सांभाळण्यासाठी न्यासही आहे.

आता आपल्या कायद्याकडे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 500 कोटींचं नक्त मूल्य, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नक्त नफा यांपैकी काहीही एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे चालणाऱ्या कामांच्या यादीत, कला, वारसा, सार्वजनिक ग्रंथालयं आणि हस्तकला आहेत. म्हणजे मारिया त्सांडर्सने मर्जीने केलं ते इथे कायद्यात बसतं. पण जानेवारी 2021 पासून कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जात नाही. चालू प्रकल्पालाही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा आहे. हेतू समजण्यासारखा आहे: कंपन्या आपल्याच न्यासात पैसा वळवून ठेवत होत्या, प्रत्यक्ष खर्च दिसत नव्हता. पण उपाय रोगाहून आडवा झाला. संग्रहालयाला, ग्रंथालयाला किंवा जुन्या देवळाच्या भित्तिचित्रांना जो खर्च दर वर्षी लागतो तोच या पैशातून कायमचा बांधता येत नाही. मग कंपन्या काय करतात? जे तीन वर्षांत उरकतं, ज्याला फीत कापता येते, तेच. दिवे लागतात, फलक लागतो, आणि चौथ्या वर्षी आर्द्रता मोजायला माणूस नसतो.

2021 च्या त्याच दुरुस्तीत एक चांगलं कलमही आलं. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यास वा संस्था, लाभार्थ्यांचे गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याच नावे असावी लागते. ओस्टहाउसची चूक हा नियम टाळतो. पुण्यात काका केळकरांनी आपला संग्रह 1975 मध्ये राज्य सरकारला दिला तो कुठल्या सक्तीने नव्हे, पण बरोबर त्याच दिशेने. मालकीचा अर्धा भाग आपण नीट लिहिला आहे. खर्चाचा अर्धा भाग कोरा आहे.

तो भरायला कायदा पूर्ण उलटवायची गरज नाही. सातव्या अनुसूचीतल्या फक्त वारसा, संग्रहालय आणि ग्रंथालय या कामांपुरती कायम निधीला मुभा द्यावी, तीही अटींवर. घेणारी संस्था देणाऱ्या कंपनीशी वा तिच्या प्रवर्तकांशी संबंधित नसावी. वास्तू सरकारच्या, पालिकेच्या किंवा सभासदांच्या संस्थेच्या नावे असावी. कंपनी देईल त्या वार्षिक उत्पन्नाइतकीच रक्कम स्थानिक संस्थेने आपल्या अंदाजपत्रकात लेखाशीर्षासह दाखवावी, नाहीतर निधी मिळू नये. निधीचं मुद्दल मोडता येऊ नये, आणि महागाईत ते विरघळू नये म्हणून वर्षाच्या व्याजातला ठरावीक वाटा पुन्हा मुद्दलात जावा. देखभालीचा आराखडा, म्हणजे छत किती वर्षांनी, विजेचं काम कधी, साठवणीची आर्द्रता रोज कोण नोंदवणार, हे करारालाच जोडलेलं असावं. फलकावर कुणाचं नाव घालायचं ते कंपनीने खुशाल ठरवावं. मात्र विश्वस्त मंडळात तिची एकच जागा असावी, आणि तीही पहिली दहा वर्षं.